लुई पाश्चर आणि आंबट बीअरचे कोडे

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचे नाव भारतात पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लसीमुळे परिचित झाले. आजच्या हिमाचल प्रदेशातील कसौली येथे १९०० साली आणि निलगिरीतील कुन्नूर येथे १९०७ साली त्यांच्या नावाच्या संस्था स्थापन झाल्या. मात्र या लसीच्या कितीतरी आधी, द्राक्षमद्य आणि बीअर आंबट का होते, या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे व्यापली होती. त्याचे उत्तर त्यांनी शोधले. पण आंबटपणा हा बीअरचा रोगच होय, हा त्यांचा निवाडा शेजारच्या बेल्जियममधील एका जुन्या परंपरेला लागू पडत नाही.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावात गेले. १८५४ साली बेल्जियमच्या सीमेलगतच्या लील शहरात ते विज्ञान विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. तेथे १८५६ साली एका कारखानदाराने आपली अडचण त्यांच्यापुढे मांडली. बीटाच्या रसापासून मद्यार्क काढताना त्याची काही पिंपे आंबून वाया जात होती. पाश्चर यांनी दोन्ही प्रकारच्या पिंपांतील रस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या रसात यीस्टचे गोलसर कण दिसले, तर नासलेल्या रसात त्याहून कितीतरी लहान, लांबट जीव आढळले. पुढच्याच वर्षी त्यांनी लॅक्टिक आम्लाच्या किण्वनावर निबंध सादर केला. दूध विरजते तेव्हा जे आम्ल तयार होते तेच हे. किण्वन म्हणजे केवळ रासायनिक विघटन, असे मानणाऱ्या तत्कालीन रसायनशास्त्राला हा मोठा धक्का होता.

पुढे द्राक्षमद्यावर १८६६ साली आणि शिरक्यावर १८६८ साली त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्याच १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. दोन वर्षांनी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. बॉन विद्यापीठाने दिलेली सन्माननीय पदवी पाश्चर यांनी संतापाने परत केली. जर्मन बीअरच्या तोडीची बीअर फ्रान्सने तयार केली पाहिजे, या ईर्षेने ते १८७१ मध्ये या विषयाकडे वळले. शास्त्रीय संशोधनामागे असा उघड राष्ट्राभिमान असणे आज चमत्कारिक वाटेल, पण त्यांनी तो कधी लपवला नाही.

त्याच वर्षी त्यांनी लंडनमधील व्हिटब्रेड या मोठ्या बीअर कारखान्याला भेट दिली. तेथील यीस्टचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यात नको असलेले जंतू असल्याचे त्यांनी सांगितले. व्यवस्थापकांनाही माल बिघडत असल्याची कल्पना होतीच. आठवड्याभराने पाश्चर पुन्हा गेले, तेव्हा कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता.

गंमत अशी की, स्वतः पाश्चर यांना बीअरची फारशी आवड नव्हती. त्यांचे जुने स्नेही, भौतिकशास्त्रज्ञ बेर्तां, हे मात्र जाणकार होते. पाश्चर काच पुसून सूक्ष्मदर्शक लावीत आणि बेर्तां पेला ओठाला लावून निर्णय देत, शिवाय मित्राची थट्टाही करीत. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या बीअरविषयक ग्रंथात बाजू घेतली आहे ती सूक्ष्मदर्शकाची. शुद्ध यीस्ट वापरा, हवेतील जंतूंना दूर ठेवा, हा त्याचा सारांश.

ब्रुसेल्स आणि सेन नदीच्या खोऱ्यातील लॅम्बिक बीअर नेमकी याच्या उलट रीतीने तयार होते. जवाचे माल्ट आणि मोड न आणलेला गहू यांचा उकळलेला रस थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात. यीस्ट घालत नाहीत. हवेतून आणि लाकडातून जे जीव येतील त्यांच्यावरच काम सोपवतात. लाकडी पिंपांत ती एक ते तीन वर्षे मुरते. मधल्या काळात तिला कधी शिळ्या अन्नासारखी तारही सुटते. पाश्चर यांनी तिला रोगी ठरवले असते, यात शंका वाटत नाही. तेथील कारागीर मात्र थांबतात, आणि काही महिन्यांत ती तार आपोआप नाहीशी होते.

अशा पिंपांतून एक, दोन आणि तीन वर्षांची बीअर एकत्र करून ग्यूझ तयार होते. कोवळ्या बीअरमधील उरलेल्या साखरेमुळे बाटलीत फेस येतो, जुनीमुळे खोली येते. कोणते पिंप किती घ्यायचे हे अखेर जिभेवरच ठरते. येथे परीक्षकाला आंबटपणाचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा ताकासारखा, जिभेवर पसरणारा असतो. ॲसिटिक आम्लाचा शिरक्यासारखा, नाकात चढणारा आणि घशाला झोंबणारा. पहिला हवाच, दुसरा किंचितच. शिरक्याचा दर्प पुढे आला की पिंप बाद. सुकलेले गवत, चामडे यांची आठवण करून देणारा वास मात्र गुण मानला जातो. हॉप्स मुद्दाम जुने वापरल्याने कडूपणा सौम्य राहतो. या दोन आम्लांमागे दोन वेगळे जीव आहेत, हे ज्ञान पाश्चर यांच्याच लील आणि पॅरिसमधील प्रयोगांतून आलेले आहे.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवले आणि पाश्चर यांचा आग्रह जगभरच्या कारखान्यांत प्रत्यक्षात आला. पाश्चर तोपर्यंत लसींकडे वळले होते. जुलै १८८५ मध्ये त्यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर उपचार केले. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०४ मध्ये, त्याच कार्ल्सबर्गमधील क्लाउसेन यांनी जुन्या इंग्लिश बीअरच्या चवीमागे असलेल्या एका रानटी यीस्टची माहिती जाहीर केली आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस हे नाव दिले. ग्यूझला चामड्याचा आणि गवताचा वास देणारे यीस्ट ते हेच.