हान्स विल्सडॉर्फ: घड्याळात पाणी शिरू न देणारा माणूस

फोन पावसात थोडा भिजला तर आज आपण फारसं टेन्शन घेत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी मनगटी घड्याळ घालून पाण्यात हात घालायचीही भीती वाटायची. ही भीती घालवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते म्हणजे रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ.

पोरका मुलगा ते रोलेक्स

विल्सडॉर्फ यांचा जन्म १८८१ साली जर्मनीतल्या कुल्मबाखमध्ये झाला. बारा वर्षांचे असतानाच आई-वडील दोघंही गेले. नातेवाइकांनी घरचा धंदा विकून त्यांना बोर्डिंग शाळेत घातलं. १९०० साली स्वित्झर्लंडमध्ये एका घड्याळ निर्यात कंपनीत नोकरी मिळाली. पुढे लंडनला जाऊन १९०५ मध्ये त्यांनी मेहुणे आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासोबत स्वतःची कंपनी काढली. १९०८ मध्ये 'रोलेक्स' हे नाव नोंदवलं. तेव्हा मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना असंच समजलं जायचं. पण १९१४ मध्ये रोलेक्सच्या छोट्याशा घड्याळाला इंग्लंडच्या क्यू वेधशाळेचं 'ए' वर्गाचं प्रमाणपत्र मिळालं.

खरा शत्रू: पाणी

चावीच्या बारीक छिद्रातून पाणी आणि धूळ आत जायची. १९२६ मध्ये 'ऑयस्टर' आलं. त्याची चावी आणि मागचं झाकण स्क्रूसारखं आवळून बंद व्हायचं. १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू हे घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. थंडीमुळे दहा तासांहून अधिक काळानंतर तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालूच होतं! विल्सडॉर्फ यांनी लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात दिली.

१९५३ मध्ये १०० मीटर खोलीसाठी बनवलेलं 'सबमरीनर' तयार झालं. जानेवारी १९६० मध्ये रोलेक्सचं एक प्रायोगिक घड्याळ 'ट्रिएस्ट' पाणबुडीच्या बाहेर लावून मारियाना गर्तेत जवळपास ११ किलोमीटर खोल नेलं गेलं. वर आलं तेव्हा तेही चालू होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये विल्सडॉर्फ यांचं निधन झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी स्थापन केलेला ट्रस्टच आज कंपनीचा मालक आहे.

जुनं डायव्हिंग घड्याळ कसं तपासायचं?

• डायल: डाग, फुगलेला रंग किंवा गंज दिसला तर कधीतरी पाणी आत गेलंय.
• चमकणारा रंग: डायलवरचा आणि काट्यांवरचा रंग एकमेकांशी जुळायला हवा. फरक असेल तर काटे बदललेले असू शकतात.
• केस: पट्टा बसतो ती चारही टोकं जाड आणि धारदार हवीत. गोल, बारीक झाली असतील तर वारंवार पॉलिश झालंय. नवं दिसणं म्हणजे चांगलं असणं नव्हे!
• बेझल आणि चावी: मूळची आहेत की नंतर बसवलेली, हे विचारा. मूळ भाग असतील तर संग्राहक जास्त पैसे मोजतात.
• मशीन: जाणकार कारागिराकडूनच उघडून बघा. जुन्या डायलवर किरणोत्सारी रेडियम असू शकतं, त्यामुळे घरी उघडायचं किंवा खरवडायचं नाही.

आणि शेवटचं: रबराचे सील वयाबरोबर कडक होतात, घड्याळाचेही आणि तुमच्या फोनचेही. त्यामुळे मागे १०० मीटर लिहिलेलं असलं, तरी दाबाची चाचणी केल्याशिवाय जुनं घड्याळ पाण्यात नेऊ नका. पाणी अडवण्यासाठी विल्सडॉर्फ यांनी आयुष्य घातलं. ते काम एका सुकलेल्या रबरामुळे वाया जाऊ शकतं.