आपोआप फिरणारं चाक आणि हातातली काठी

विरार लोकलच्या गर्दीत, एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने स्क्रोल करताना तुम्ही असं एखादं रील पाहिलं असेल. एक चाक. त्यात वाकड्या नळ्या. कुणी हात न लावता ते गरागरा फिरतंय. वर लिहिलेलं असतं की, भास्कराचार्यांनी नऊशे वर्षांपूर्वी फुकट ऊर्जेचं यंत्र शोधलं होतं, आपण ते विसरलो. खाली कमेंट्समध्ये दोन पार्ट्या. एक अभिमानाने छाती फुगवणारी, दुसरी खिल्ली उडवणारी. पण या चाकाबद्दल खुद्द भास्कराचार्यांचं मत काय होतं, हे यातल्या फारच थोड्या जणांना ठाऊक असतं. ते मत दोन्ही पार्ट्यांना गप्प करणारं आहे. त्यासाठी आधी हा माणूस कोण, ते बघू.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ.स. १११४ चा. हे इतकं नक्की कसं माहीत? कारण त्यांनीच ते लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या जुन्या विद्वानांबद्दल असं क्वचितच होतं. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडवीड. आजचं हे गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. कुणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, कुणी बीड, कुणी विजापूर.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग. ‘लीलावती’ म्हणजे अंकगणित, ‘बीजगणित’ तर नावातच आहे, ‘ग्रहगणित’ म्हणजे ग्रहांच्या गतीचे हिशोब आणि ‘गोलाध्याय’ म्हणजे आकाशाच्या गोलाचं शास्त्र. एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वतःच्याच ग्रंथावर त्यांनी ‘वासनाभाष्य’ लिहिलं. इथे वासना या शब्दाचा अर्थ इच्छा नाही हं! वासना म्हणजे उपपत्ती, एखादा नियम तसाच का, याचं कारण. कारण सांगता येत नसेल तर विद्वानांच्या सभेत गणितज्ञाला मान मिळत नाही आणि त्याची स्वतःचीही शंका फिटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री सूत्रं पाठ करणाऱ्या आपल्या सगळ्यांना हा टोमणा लागू आहे.

आता त्यांच्या डोक्यातलं विश्व कसं होतं ते बघा. मधोमध स्थिर पृथ्वी. तिच्याभोवती ताऱ्यांचा प्रचंड गोल. ‘प्रवह’ नावाचा वारा हा गोल दिवसातून एकदा पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवतो. ग्रह मात्र त्याच गोलावर हळूहळू उलट दिशेने सरकत असतात. हे समजावण्यासाठी त्यांनी कुंभाराच्या चाकाचा दाखला दिला. चाक जोरात फिरतंय आणि त्यावर एखादा किडा उलट्या दिशेने चालतोय. बघणाऱ्याला तो चाकाबरोबर फिरताना दिसतो, त्याची स्वतःची चाल दिसतच नाही. युरोपात विश्वाला घड्याळाची उपमा देण्याची पद्धत सतराव्या शतकात रुळली. आपल्याकडे त्याच्या पाच शतकं आधी विश्वाची तुलना चाकाशी होत होती.

हे चित्र आज आपल्याला चुकीचं वाटतं, आणि ते आहेच. पण त्याच माणसाचा तर्क बघा. पृथ्वीला खालून कुणीतरी धरून ठेवलंय, अशी समजूत तेव्हा होती. भास्कराचार्यांनी विचारलं, मग त्या धरणाऱ्याला कोण धरतं? त्याच्या खालच्याला कोण? कुठेतरी थांबून, हा स्वतःच्या बळावर उभा आहे, असं म्हणावंच लागणार. मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? पृथ्वी वस्तूंना स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडताना दिसतात. पृथ्वीच्या भोवती सगळीकडे सारखंच आकाश असेल तर ती स्वतः पडणार कुठे? आणि गोल असूनही ती सपाट का दिसते? कारण आपल्याला तिच्या परिघाचा फार लहान तुकडा दिसतो आणि मोठ्या वर्तुळाचा लहान तुकडा सरळच भासतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहा, त्यांचं म्हणणं डोळ्यांना पटेल.

मात्र इथेही सावध राहा. वस्तू ओढल्या जातात असं म्हणणं वेगळं आणि ती ओढ किती, अंतराप्रमाणे कशी बदलते, याचा नियम मांडणं वेगळं. तो नियम न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. भास्कराचार्यांना मोठं ठरवायला न्यूटनला लहान करायची गरज नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भास्कराचार्य आपल्या काळातलेच होते. ग्रहण सावलीमुळे होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्याचे हिशोबही त्यांनी दिले. तरी पुराणातला राहू त्यांना सोडवला नाही. राहू त्या सावलीत शिरतो, अशी तडजोड त्यांनी केली. गणित सोडलं नाही आणि पुराणालाही दुखावलं नाही.

आता त्या चाकाकडे येऊ.

गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे, यंत्राध्याय. त्यात ‘स्वयंवह’ यंत्रं येतात. स्वयंवह म्हणजे आपोआप चालणारी. पहिला प्रकार असा : हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं, त्याला सारख्या मापाच्या, सारख्या अंतरावर, जराशा वाकलेल्या पोकळ आऱ्या बसवायच्या, त्यात निम्मा पारा भरून तोंडं बंद करायची आणि आस दोन आधारांवर ठेवायचा. म्हणे, चाक आपोआप फिरू लागतं. दुसऱ्या प्रकारात चाकाच्या कडेला खाच पाडून ती ताडपत्र आणि मेणाने झाकायची आणि आत एकीकडे पाणी, दुसरीकडे पारा भरायचा. ही कल्पना भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे. ब्रह्मगुप्तांनी असं पाऱ्याचं चाक इ.स. ६२८ मध्येच सांगितलं होतं. त्याच्याही आधी आर्यभटांनी आकाशाच्या लाकडी गोलाची प्रतिकृती पारा, तेल आणि पाणी वापरून आकाशाच्याच वेगाने फिरवायची युक्ती सुचवली होती.

या सगळ्यामागची इच्छा समजून घ्या. आकाश रोज फिरतं. त्याला कुणी ढकलताना दिसत नाही, त्याला इंधन लागत नाही. विश्वच जर न थांबणारं यंत्र असेल तर त्याची छोटी नक्कल आपल्या अंगणात का फिरू नये? मोह जबरदस्त आहे. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूरच्या वहीतही असंच एक चाक दिसतं. युरोपातल्या कारागिरांनी पुढची कित्येक शतकं या नादात घालवली. शेवटी १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाहीर केलं की, यापुढे असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासले जाणार नाहीत.

चाक का फिरत नाही? वरवर पाहता वाटतं की, एका बाजूचा पारा घरंगळून आसापासून लांब जातो, म्हणून ती बाजू कायम जड राहणार. पण जितका पारा लांब गेल्याने जोर वाढतो, तितकाच तो दुसऱ्या बाजूला जास्त आऱ्यांमध्ये विभागून उलटा जोर लावत असतो. पूर्ण एका फेरीचा जमाखर्च मांडला तर मिळकत शून्य. वर आसाचं घर्षण आहेच. हाताने ढकललंत तर थोडा वेळ फिरेल आणि थांबेल. रीलमध्ये फिरतं, कारण मोटर फ्रेमच्या बाहेर असते.

आणि भास्कराचार्यांचं मत? स्वयंवह यंत्रांचं वर्णन संपवताना त्यांनी ती सरळ कुहकविद्येच्या खात्यात टाकली. कुहक म्हणजे हातचलाखी, गारुड्याचा खेळ. गोलाच्या शास्त्राशी याचा संबंध नाही, आधीच्यांनी सांगितलंय म्हणून मीही सांगितलं, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारलाय. म्हणजे ज्यांच्या नावाने हे रील फिरतं, त्यांनीच त्याला विज्ञानाच्या यादीतून बाहेर काढलं होतं. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. तरीही ही वेगळी वही आहे, हे त्यांना कळलं होतं.

विश्व हे यंत्र आहे, असं मानण्यातून आणखी एक मोह तयार होतो. यंत्र ठरल्याप्रमाणे चालतं, मग माझं आयुष्यही त्यातच ठरलेलं असणार! या मोहाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्टही भास्कराचार्यांच्याच नावावर आहे. तेव्हा वेळ मोजायला घटिकापात्र असायचं. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. आपण अजूनही ‘घटका भरली’ म्हणतो ते यावरूनच. गोष्ट अशी की, लेक लीलावतीच्या लग्नाला एकच मुहूर्त होता. ती वाकून वाटीत पाहायला गेली, दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला. मग तिचं दुःख हलकं करायला बापाने तिच्या नावाने गणिताचं पुस्तक लिहिलं.

गोष्ट डोळ्यांत पाणी आणते. पण ती येते कुठून? अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, तिथून. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. मूळ पुस्तकात एका मुलीला हाक मारून गणितं विचारली आहेत, तिचं लग्न मोडल्याचं कुठेही नाही. लोकांना मुहूर्त हुकलेली लीलावती आठवते. भुंगे, मोर, हंस आणि मोडलेल्या बांबूंची गणितं सोडवणारी लीलावती मागे पडते. यातली कुठली लक्षात ठेवायची, ते मात्र आपल्या हातात आहे.

यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी आकाश मोजण्याची दहा साधनं दिली आहेत. गोल, शंकू, घटी, चक्र, चाप वगैरे. फलक यंत्र तर त्यांनी स्वतः बनवलेलं. पण या सगळ्यांत श्रेष्ठ म्हणून त्यांनी शेवटी ज्याचं नाव घेतलं ते आहे धीयंत्र. धी म्हणजे बुद्धी. माणसाच्या हातात एक काठी आणि डोकं जागेवर असलं की पुरे. काठीच्या रेषेत नजर लावून झाडाचा बुंधा बघा, शेंडा बघा, उंची काढा. आकाशात, जमिनीवर, पाण्यात जे दिसतं ते असं मोजता येतं, हा त्यांचा विश्वास. फुकट फिरणाऱ्या चाकाला त्यांनी खेळ म्हटलं आणि चार आण्यांच्या काठीला यंत्रांचा राजा केलं.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. ग्रहांचे हिशोब सोपे करणारं हे पुस्तक. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारात गेला, नातू चांगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. (हे चांगदेव म्हणजे ज्ञानेश्वरांना भेटणारे नव्हेत.) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ उभारला. १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच हे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत. तो हिशोबाचा आहे. पाटणच्या बाजारात ग्राहकांकडून मिळणारा राजाचा वाटा या मठाला दिला, असं तो सांगतो. म्हणजे बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसांच्या पैशावर तिथली पोरं गणित शिकत होती. कल्याण गाठून चाळीसगावची गाडी पकडा, तिथून पाटणादेवी फार लांब नाही.

तितका वेळ नसेल तर वसईतच एक गोष्ट करता येईल. ऊन असताना वसई किल्ल्यात जा. एक मीटरची सरळ काठी उभी धरून तिची सावली मोजा, मग लगेच एखाद्या चर्चच्या उभ्या भिंतीची. काठीची सावली अर्धा मीटर आणि भिंतीची पाच मीटर आली तर भिंत दहा मीटर उंच. ‘लीलावती’त सावलीच्या गणितांचं वेगळं प्रकरणच आहे. आणि मेच्या मध्याला, दुपारी साडेबाराच्या जरा पुढे, तीच काठी पुन्हा उभी करा. सूर्य बरोबर डोक्यावर असेल आणि काही क्षण काठीला सावलीच नसेल. तो दिवस नेमका कुठला, ते कुणाला विचारू नका. आठवडाभर रोज मोजा, काठीच सांगेल.