चिंतामणराव देशमुख आणि त्यांचा मेघदूत

आषाढ लागला की सरगुजातील रामगडाच्या डोंगरावर रसिकांची वर्दळ सुरू होते. बिलासपूरहून अंबिकापूरला जाताना उदयपूरजवळ हा डोंगर लागतो. त्याच्या अंगावर सीताबेंगरा आणि जोगीमारा अशी दोन प्राचीन लेणी आहेत. जोगीमाऱ्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत सुतनुका नावाच्या देवदासीचे आणि तिच्यावर अनुरक्त झालेल्या एका कलावंताचे नाव कोरलेले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे ही दोन नावे त्या अंधारात एकमेकांच्या सोबतीने उभी आहेत. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे मानणारे अभ्यासक आहेत, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या विद्वानांनी मात्र नागपूरजवळच्या रामटेकच्या बाजूने कौल दिला. रायपूरच्या मराठी माणसाची या वादात मोठी पंचाईत होते, कारण एक डोंगर त्याच्या राज्यात आहे आणि दुसरा त्याच्या भाषेच्या प्रदेशात.

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथासाठी चरित्रविषय शोधताना मला चिंतामणराव देशमुखांची आठवण झाली ती याच वाटेने. भारताचे अर्थमंत्री म्हणून त्यांना सारे ओळखतात. मेघदूत मराठीत आणणारे देशमुख त्या मानाने कमी परिचित आहेत.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील रोह्याचे वकील. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत चिंतामणराव मुंबई इलाख्यात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. या यशाने हर्षित होऊन राम गणेश गडकऱ्यांनी त्यांच्यावर कविता केली. सोळा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते! पुढे केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले. १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच होता. १९२० साली रोझिना या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना प्रिमरोज नावाची कन्या झाली.

नोकरीसाठी त्यांना मिळाला तो मध्य प्रांत आणि वऱ्हाड. आपले रायपूर तेव्हा याच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. उपायुक्त आणि बंदोबस्त अधिकारी या नात्याने देशमुखांनी प्रांतात काम केले. बंदोबस्त अधिकाऱ्याचे काम म्हणजे गावोगाव मुक्काम करून शेतजमिनीची प्रत ठरवणे आणि त्यावरून सारा बांधणे. कन्हार, मटासी, डोरसा, भाटा हे छत्तीसगढी मातीचे प्रकार आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होते. असल्याच तपशिलांवर बंदोबस्ताची सारी इमारत उभी असते. अशा अधिकाऱ्याला पहिला पाऊस हिशेबातच दिसणार, असे आपण म्हणू. कालिदासाचा मेघही निघतो तो नुकत्याच नांगरलेल्या, मातीचा वास सुटलेल्या माळावरून, आणि खेड्यातल्या स्त्रिया पिकाच्या आशेने त्याच्याकडे पाहत राहतात. पुढे त्याला आम्रकूट पर्वत आणि रेवा नदी भेटते. आम्रकूट म्हणजे आपल्या सीमेवरचे अमरकंटक, असे अनेक अभ्यासक मानतात. संस्कृत आणि शेतजमीन, दोन्ही जाणणाऱ्या वाचकाला हे श्लोक किती निराळे दिसले असतील याची कल्पना करावी.

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत गेले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महायुद्ध चालू होते, महागाईने लोक त्रासले होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला भारताच्या प्रतिनिधी मंडळात ते गेले. त्यांनी मेघदूत मराठी पद्यात उतरवले ते या रिझर्व्ह बँकेच्या वर्षांतच.

या योगायोगाकडे अभ्यासकांनी पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. यक्ष हा कुबेराचा सेवक आणि कुबेर म्हणजे देवांचा धनपती. सेवेत कसूर झाली म्हणून स्वामीने त्याला वर्षभर दूर घालवले. ती कसूर कोणती, हे कालिदास सांगत नाही. टीकाकारांनी मात्र पत्नीच्या प्रेमात बुडाल्याने तो कर्तव्य विसरला, असा अर्थ लावला. आठ महिने सरले आहेत, चार उरले आहेत. विरहाने तो इतका कृश झाला आहे की मनगटातले सोन्याचे कडे गळून पडले आहे. धूम, तेज, पाणी आणि वारा यांच्या मिश्रणाला, म्हणजे मेघाला, तो निरोप सांगतो आणि कामातुराला चेतन-अचेतनाचा भेद उरत नाही अशी मखलाशी कवी स्वतःच करतो. आता पाहा, देशाचा खजिना सांभाळणारा, कर्तव्यात तिळमात्र कसूर न करणारा अधिकारी मोकळ्या वेळी कोणाची संगत धरतो? ज्याने खजिन्याच्या धन्याची चाकरी प्रेमापायी गमावली, त्या यक्षाची!

मंदाक्रांता वृत्ताची सतरा अक्षरे आपण शाळेत म भ न त त ग ग अशी घोकली. चौथ्या अक्षरावर आणि पुन्हा दहाव्यावर थांबणारे हे वृत्त पावसाने भरलेल्या ढगासारखे जड पावलांनी चालते. संस्कृतातला लांबलचक समास मराठीत सोडवला की शब्द वाढतात, आणि चार ओळींत मावत नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून कुसुमाग्रजांपर्यंत अनेकांनी या काव्याशी झुंज घेतली आहे. आपल्याकडे मुकुटधर पांडेय यांनी ते छत्तीसगढीत नेले. मेघदूत एकदा मनात शिरले की आपल्या घरच्या भाषेत ऐकल्यावाचून राहवत नाही, एवढेच यावरून दिसते.

देशमुखांच्या अनुवादात त्यांच्या खाजगी दुःखाचा शोध घेण्याचा मोह मात्र आवरावा. तो झाला तेव्हा रोझिना हयात होत्या. त्यांचे निधन १९४९ मध्ये झाले; त्याच वर्षी ३० जूनला देशमुखांनी बँकेचे पद सोडले. निरोपाचे काव्य आधी लिहून झाले होते आणि निरोप नंतर आला.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. २२ जानेवारी १९५३ रोजी दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या, संविधान सभेच्या सदस्य. देशमुख तेव्हा छप्पन्न ओलांडून सत्तावन्नात पोचले होते.

मग १९५६ उजाडले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय आणि मुंबईत झालेला गोळीबार यांच्या निषेधार्थ देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. कुबेराच्या दरबारातून ते स्वेच्छेने बाहेर पडले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जुना मध्य प्रदेश फुटला. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. येथील कित्येक मराठी घरांची अर्धी माणसे एका रात्रीत परराज्यात गेली. आपल्या शाळेसारख्या मराठी शाळेचे मोल त्या पिढीला का वाटले, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगावे लागत नाही.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९६९ ची राष्ट्रपतिपदाची हरलेली निवडणूक, १९७५ ची पद्मविभूषण पदवी. या सर्व धावपळीत संस्कृत सुटले नाही. स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह त्यांनी प्रसिद्ध केला, आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते अमरकोशावर काम करीत होते. ज्या ग्रंथाच्या पाठांतराने पूर्वी संस्कृत शिकणे सुरू होई, त्याच्यापाशी ते शेवटी आले.

दुर्गाबाई ९ मे १९८१ रोजी गेल्या. यक्षाच्या विरहाला एका वर्षाची मुदत होती. चिंतामणरावांनी २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत देह ठेवला, तेव्हा दुर्गाबाईंना जाऊन सतरा महिने होत आले होते.