बडोद्याचा करार, कोलंबियाचा वर्ग आणि मूकनायक

4 जून 1913 रोजी भीमराव रामजी आंबेडकर या बावीस वर्षांच्या तरुणाने बडोदा संस्थानाशी एक करार केला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायचं आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. जन्म इंदूरजवळच्या महूचा, घराणं कोकणातलं, शिक्षण सातारा-मुंबईचं आणि पैसा बडोद्याचा. बाबासाहेबांना एकाच राज्यात बसवू पाहणाऱ्यांनी हा नकाशा एकदा बघावाच.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. पण मला त्या तीन वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा दिवस वाटतो तो 9 मे 1916. मानववंशशास्त्राच्या गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. ज्या गोष्टीने लहानपणी शाळेत पाण्याच्या घोटासाठी ताटकळत ठेवलं, तीच गोष्ट त्यांनी तिथे थंड डोक्याने, पुराव्यानिशी मांडली. जातीबाहेर लग्न न करण्याची रीत हेच जातीचं मूळ, असा त्यांचा मुद्दा होता. ऐकणाऱ्यांना महार म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना पटवायचं तर गाऱ्हाणं सांगून भागणार नव्हतं, मांडणीच लागणार होती.

पुढे लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी दोन्ही सुरू केलं, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. 1917 मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्यात हजर झाले. कचेरीतले शिपाई लांबूनच फायली टाकायचे. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच संपली. परदेशी पदवी असून गावात खोली मिळत नाही, हा धडा कोलंबियात शिकवत नव्हते.

मुंबईत ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे इंग्रजीत साक्ष दिली: अस्पृश्यांना मताचा हक्क हवा, त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत. पण समितीपुढे बोललेलं वाड्यावस्तीवर पोचत नाही. म्हणून वर्षभराने, 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ पाक्षिक निघालं, मराठीत. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून पांडुरंग भटकरांचं नाव होतं, लेखणी बाबासाहेबांची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे घेऊनसुद्धा जाहिरात छापायला नकार दिला. त्याच मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद झाली. माणगाव इथून काही फार लांब नाही. तिथे शाहू महाराजांनी जमलेल्यांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला.

लगेच जुलैत ते पुन्हा लंडनला गेले. स्वतःची शिल्लक, मित्र नवल भथेना यांचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढ्यावर. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन, जेवण जेमतेम. 1922 मध्ये बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली.

एवढं शिकूनही हायकोर्टात खटले सहज येत नव्हते. अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार यायलाच कचरायचे. तरी 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जवळकर, जेधे आणि बागडे यांच्यावर पुण्यात बदनामीचा खटला झाला, तेव्हा आरोपींसाठी ते उभे राहिले आणि अपिलात सुटका मिळवून दिली. त्याआधी, 1925 च्या एप्रिलमध्ये, ते आपल्या निपाणीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले होते. सकाळी कायद्याची कलमं आणि संध्याकाळी शेतमजुरांना कळेल असं मराठी, ही कसरत त्यांच्या अंगवळणी पडत होती. माझ्या मते हेच त्यांचं खरं पदव्युत्तर शिक्षण.

मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं, एप्रिलात ‘बहिष्कृत भारत’ आणि त्याच जूनमध्ये कोलंबियाची पीएच.डी. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने ते एकटे लिहून काढत, कारण मदतनीस ठेवायला पैसा नव्हता.

1946 मध्ये मुंबईत त्यांच्या संस्थेचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथे विद्यार्थी आपली संसद भरवत, सत्ताधारी आणि विरोधी बाकांवर बसून वाद घालत. 1950 साली देशाचे कायदेमंत्री असताना बाबासाहेब त्या पोरांच्या संसदेत गेले आणि हिंदू कोड बिलावर बोलले.