वावड्याचे निदान आणि आनंदीबाई

मुंबईहून निघालेली आगगाडी १८५४ साली कल्याणला पोहोचली. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मास आली. पुढे डॉ. आनंदीबाई जोशी या नावाने साऱ्या देशाला परिचित झालेली ती हीच. दळणवळणाचे नवे साधन दाराशी आले होते; परंतु जिच्यापाशी स्त्रीने आपले दुखणे निःसंकोचपणे सांगावे, अशी आधुनिक वैद्यक शिकलेली स्वदेशी स्त्री मात्र कोठेच नव्हती.

नवव्या वर्षी यमुनेचा विवाह डाक खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे हा त्यांचा आग्रह असे आणि तो पुष्कळदा जाचाच्या थराला जाई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला व अवघ्या दहा दिवसांत तो दगावला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही, ही खंत त्यांच्या मनात खोल रुतली आणि तिच्यातूनच डॉक्टर होण्याचा निर्धार उपजला.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपल्या अमेरिकागमनाची कारणे मांडली. परपुरुषापुढे आजार उघड करण्यास स्त्रिया स्वभावतःच संकोचतात, म्हणून या देशाला स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. हा युक्तिवाद केवळ स्त्रीशिक्षणाचा नव्हे, तो निदानशास्त्राचाही आहे. रोग्याचे तोंड उघडले नाही तर वैद्याची विद्या लंगडी पडते.

त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या. परंतु तेथील कडाक्याची थंडी व अपुरा आहार यांनी शरीर पोखरले आणि क्षयाने घर केले. क्षयाचा जंतू १८८२ साली सापडला होता, पण त्यावरील औषध अद्याप दूर होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक हाती असतानाच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंचा आजार वावड्याचा नव्हता. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दच मुळी १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. तथापि रोग्याच्या हकीगतीवाचून ज्याचे निदान होत नाही, असा विकार म्हणून वावड्याकडे बोट दाखवावे लागेल. काय खाल्ले, किती वेळाने गांधी उठल्या किंवा धाप लागली, पूर्वी असे झाले होते काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर सारे अवलंबून असते. त्वचेची वा रक्ताची चाचणी ही त्या हकीगतीला दुजोरा देणारी. केवळ चाचणीवरून कोळंबी किंवा शेंगदाणा जन्मभर वर्ज्य करणे शहाणपणाचे नव्हे.

औषधांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. पेनिसिलिन सोसत नाही असा शिक्का बसलेल्यांपैकी बहुसंख्यांना, रीतसर तपासणी केल्यास, ते खुशाल चालते असे आढळते. खोट्या शिक्क्यापायी मात्र त्यांना गुणकारी औषध नाकारले जाते. याउलट खरे वावडे नोंदलेले नसले तर एकच मात्रा प्राणावर बेतू शकते. श्वास कोंडू लागला, रक्तदाब घसरला, तर मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन तत्काळ देणे हाच पहिला उपाय होय. खाजेच्या गोळीवर विसंबून चालत नाही.

आज ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत स्त्री डॉक्टरांच्या पाट्या जागोजागी दिसतात. आनंदीबाईंना जे एकटीने करावयाचे होते, ते शेकडोंनी केले. परंतु गर्दीच्या दवाखान्यात बायकोचे दुखणे नवऱ्याने सांगावे आणि न सोसलेल्या औषधाचे नाव कोणालाच आठवू नये, हा प्रकार संपलेला नाही. ते नाव, तारीख आणि झालेला त्रास एका चिठ्ठीवर लिहून जवळ बाळगणे, डॉक्टरांनी ते विचारणे आणि रोग्याने स्वतःच्या तोंडाने सांगणे, एवढे तरी घडावयास हवे. आनंदीबाईंच्या स्मृतीचा आदर केवळ पुतळ्यांनी होणार नाही. तो तपासणीच्या खोलीतच व्हावयाचा आहे.