दस्तकाचे धनी सरखेल कान्होजी आंग्रे

अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोकण किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी असे तिघे सागरी वर्चस्वाचे दावेदार होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातून मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी तिघांनाही आव्हान दिले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना ताराबाईंच्या पक्षातून छत्रपती शाहूंकडे वळविले, तेव्हा सातारच्या गादीला समुद्राचे बळ लाभले.

कान्होजींच्या हाती तोफांइतकाच प्रभावी होता तो दस्तक. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी गलबताने आंग्र्यांचा परवाना घेतलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीजांची ‘कार्ताझ’ पद्धत तरी याहून वेगळी कोठे होती? पण पोर्तुगीजांचा तो हक्क ठरला आणि कान्होजींची मात्र चाचेगिरी! कंपनीने पसरविलेली ही अपकीर्ती इंग्रजी ग्रंथांतून दोन शतके टिकली.

तोफांना तेवढेही यश आले नाही. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याचा खांदेरीवरील हल्ला फसला, तर १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त मोहीम कुलाब्यावरून रिकाम्या हाताने परतली.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. बूनची जहाजे ज्या मुंबई बंदरातून निघाली, तेथील नौदल तळास १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले.