अफवांच्या गर्दीतला शेवटचा गव्हर्नर

१९ डिसेंबर जवळ आला की मुक्तिसंग्रामात देह ठेवलेल्यांचे स्मरण करणे हे आमचे कर्तव्यच होय, आणि त्यात आम्ही कधी खंड पडू दिलेला नाही. आज मात्र पलीकडच्या गोटातील एका माणसाविषयी लिहावेसे वाटते. मान्युएल आंतोनियु व्हासालु ई सिल्व्हा हा गोव्याचा अखेरचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल. भारतीय लष्कर येणार, येणार असे सात वर्षे ऐकत आलेल्या या प्रदेशात, या वेळी ते खरोखरीच येणार आहे काय, याचा निर्णय त्याला करावयाचा होता; आणि त्या निर्णयावर हजारो जीव अवलंबून होते.

१८९९ साली पोर्तुगालमधील तोरेश नोव्हाश या गावी त्याचा जन्म झाला. लष्कराच्या अभियांत्रिकी शाखेत त्याची हयात गेली. त्याची थोरली बहीण मारिया लामाश ही नामांकित लेखिका. सालाझारच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल तिने तुरुंगवास भोगला होता. एकाच घरातून एक तुरुंगात आणि दुसरा गव्हर्नरच्या खुर्चीवर, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो. १९५८ च्या अखेरीस तो पणजीस आला.

तो आला तेव्हा हल्ल्याच्या वावड्या जुन्या झाल्या होत्या. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली, तेव्हाच आता गोव्याची पाळी असे लोक म्हणू लागले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर सीमेवर गोळ्या झाडल्या गेल्या. आता तरी दिल्ली स्वस्थ बसणार नाही असे वाटले. आर्थिक कोंडी झाली, वाहतूक बंद पडली, परंतु लष्कर आले नाही. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री असल्यामुळे बातमी कानोकानीच फिरे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलात राहून चालविलेले गुप्त नभोवाणी केंद्र लोक दारे लावून ऐकत. ज्या राज्यात खरी बातमी छापण्याची सोय नसते, तेथे अफवेचे पीक भरघोस येते. आणि गंमत अशी की, त्या पिकाचा सर्वांत मोठा उपद्रव खुद्द राज्यकर्त्यालाच होतो. प्रजा निदान शेजाऱ्याला विचारू शकते. गव्हर्नर कोणाला विचारणार?

लिस्बनला विचारावे, तर सालाझारचा हिशेब वेगळाच होता. शांततेचा पुरस्कार करणारे पंडित नेहरू जगाच्या डोळ्यांदेखत शस्त्र उचलणार नाहीत, आणि उचललेच तर इंग्लंडशी असलेला शतकानुशतकांचा तह कामी येईल, अशी त्याची धारणा होती. त्याच्याच सरकारातील एक लष्करी अधिकारी, कॉश्ता गोमिश, याने गोव्याचे संरक्षण अशक्य असल्याचा अभिप्राय आधीच दिला होता. त्यानंतर येथील फौज कमी होत होत साडेतीन हजारांच्या आसपास आली. हल्ला होणार नाही म्हणून सैन्य कमी केले, की झालाच तर उपयोग नाही म्हणून कमी केले, हे कोडे गव्हर्नरने आपल्या परीने सोडवावे!

१९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीवच्या किनाऱ्यावरून साबरमती या भारतीय जहाजावर गोळीबार झाला. त्यानंतरची चिन्हे निराळ्या जातीची होती. प्रवासी गाड्या अडवून लष्करी गाड्या बेळगावकडे धावू लागल्या. किनाऱ्यासमोर भारतीय युद्धनौका दिसू लागल्या. शब्दाला पैसा पडत नाही. परंतु एक डिव्हिजन हलविण्यास कोट्यवधी रुपये, कोळसा आणि डबे लागतात. केवळ दटावणीसाठी कोणते सरकार एवढा खर्च करील? व्हासालु ई सिल्व्हा अभियंता होता. त्याने बोलण्यापेक्षा या हालचालींना अधिक वजन दिले, असे त्याच्या वर्तनावरून दिसते.

९ डिसेंबरला तिमोरहून लिस्बनला जाणारे इंडिया हे जहाज गोव्यास लागले. कोणालाही चढू देऊ नये, अशी लिस्बनची आज्ञा होती. ती बाजूस सारून त्याने सुमारे ७०० युरोपियन स्त्रिया, मुले व नागरिक त्यावर चढविले. जहाजाची सोय जेमतेम ३८० माणसांची. लोक न्हाणीघरांतूनही बसले होते. गोवेकरांना मात्र अशी वाट कोणी दाखविली नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु जे जहाज पाहत होते त्यांना उमगले: साहेब आपली बायकामुले पाठवीत आहे, तेव्हा या खेपेची अफवा नुसती अफवा नव्हे.

१४ डिसेंबरला सालाझारचा संदेश आला. शरणागती नाही, युद्धबंदी नाही. विजय तरी मिळवावा किंवा मरावे, आणि निदान आठ दिवस तग धरावा, असा त्याचा आशय होता. रणगाडाविरोधी हातबॉम्बची मागणी सांकेतिक भाषेत चोरीस या शब्दाने केली, तर विमानाने खरोखरीचे चोरीसच आले, अशी हकीकत त्या वेळच्या सैनिकांमध्ये प्रचलित आहे. दरम्यान दिल्लीत हल्ल्याचा मुहूर्त एकाहून अधिक वेळा पुढे ढकलला गेला होता. ऐकलेली तारीख टळली की पणजीतील अविश्वासू मंडळी हुश्श करीत असतील. सावध माणसाची परीक्षा अशाच दिवसांत होते.

१७ डिसेंबरची रात्र उलटली आणि १८ ला पहाटेपासून कारवाई सुरू झाली. दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र विमानांनी उद्ध्वस्त केले. लिस्बनशी संबंध तुटला. तेथील वृत्तपत्रे मात्र गोव्यात हातघाईची तुंबळ लढाई चालल्याची वर्णने छापीत राहिली. प्रत्यक्षात येथे पूल उडवून सैन्य मागे सरत होते. १९ च्या रात्री वास्को येथे त्याने शरणागती पत्करली. निरर्थक रक्तपात त्याने टाळला, जुन्या वास्तूही शाबूत राहिल्या. गोमंतकीयांनी त्याचे एवढे ऋण मान्य करण्यास हरकत नसावी.

सालाझारने ते मानले नाही. मे १९६२ मध्ये युद्धकैदी मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे स्वागत बंदुकधारी पहाऱ्यात झाले. १९६३ मध्ये त्याला लष्करातून बडतर्फ केले गेले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याची पत परत मिळाली. १९८० मध्ये तो गोव्याच्या भेटीस आला, आणि ज्यांनी त्याच्या राज्याचा शेवट पाहिला होता, त्याच लोकांनी त्याचे आपुलकीने स्वागत केले. १९८५ मध्ये तो वारला.